मीटरवरचे एक्केचाळीस हजार

“एक्सिलेटर पार तळाला दाबा, आन् मी बास म्हणेपर्यंत सेल्फ सोडू नका,” असे म्हणून राजाराम लोहाराने दाब मोजण्याच्या गेजचे रबरी टोक पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात दोन्ही हातांनी दाबून धरले. श्रीपाल मगदुमांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू होण्याचा प्रश्न नव्हता, कारण चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले होते आणि कॉइलची वायर सोडवून बाजूला टाकली होती. इंजिन केवळ सेल्फच्या जोरावर घोगऱ्या आवाजात फिरले, गेजचा काटा चार-पाच धक्क्यांत वर चढला आणि तिथेच थांबला.

“पंच्याऐंशी,” राजाराम म्हणाला.

दुसऱ्या सिलिंडरला ऐंशी निघाले, तिसऱ्याला सत्तर, चौथ्याला पुन्हा ऐंशी. राजारामाने ते आकडे खडूने माझ्या अंगणातल्या फरशीवर लिहिले आणि उकिडवा बसून त्यांच्याकडे पाहत राहिला.

मगदूम हे सांगलीकडचे कापडाचे व्यापारी. वय तिशीच्या आत, बोलणे मऊ. माझी फियाट विकत घेण्याच्या इराद्याने ते त्या शुक्रवारी सकाळी आठ वाजता कराडला माझ्या घरी आले होते आणि पारख करण्यासाठी त्यांनी कोल्हापूरहून हा राजाराम मिस्त्री बरोबर आणला होता. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती. काचबिंदूमुळे डॉक्टरांनी मला गाडी चालवण्यास मनाई केली होती, आणि जी वस्तू वापरायची नाही ती दारात उभी करून ठेवण्यात काही हशील नाही, असे माझे मत घरात सकारण मांडून झाले होते.

“आकडे कसे आहेत?” मी विचारले.

“साहेब, निरोगी इंजिन एकशेवीसच्या आसपास दाब दाखवतंय. चाळीस हजार पळालेलं असलं तर एकशेदहाच्या खाली यायचं कारण न्हाई.” त्याने डॅशबोर्डाकडे मान वळवली. मीटरवर ४१,२१८ हा आकडा होता. “ही गाडी लाखभर तरी पळालीया.”

मी दिवाणी वकील. समोरच्याचे विधान आधी पूर्ण ऐकून घ्यायचे आणि मग त्याचा एकेक आधार काढून घ्यायचा, हा माझा तीस वर्षांचा शिरस्ता होता. मी म्हणालो, “इंजिन थंड असेल.”

“अर्धा तास फिरवून आणलंय की. हात लावून बघा.”

“बॅटरी अशक्त असेल, तर इंजिन पुरेशा वेगाने फिरणार नाही.”

“बॅटरी आधीच तपासलीया, भरल्याली हाय.”

“मग तुमचे गेज सदोष असेल.”

राजारामाने माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले. तो फाटकाबाहेर गेला, ज्या दोन वर्षांच्या मोटारीतून ते आले होते तिचे बॉनेट उघडले, एक प्लग काढला, मगदुमांना सेल्फ मारायला बसवले आणि मला जवळ बोलावून काटा दाखवला. एकशेतीस. परत येऊन त्याने माझ्या गाडीच्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल ओतले आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितले. मघाचे सत्तर आता एकशेपाच झाले.

“ऑइलनं फट भरून काढली, म्हणून दाब वाढला,” तो म्हणाला. “म्हंजे व्हॉल्व्ह चांगलं हाईत. पिस्टनच्या रिंगा आन् सिलिंडर घासल्यात. हे नुसत्या उभ्या गाडीचं न्हवं. पळालेल्या गाडीचं काम हाय.”

मगदूम गाडीतून उतरले आणि संकोचाने म्हणाले, “वकीलसाहेब, मनाला लावून घेऊ नका. जुन्या गाडीचं मीटर मागं घेतलेलं असतंच बऱ्याच वेळा. आम्ही तेवढं धरूनच चालतो.”

“कोणी मागे घेतलेले असते?”

“आता ते… कोणी का असेना.”

“ही गाडी मी नवी घेतली. चौदा वर्षांत तिला दुसरा मालक झालेला नाही. तेव्हा ‘कोणी का असेना’ या शब्दांचा अर्थ ‘तुम्ही’ असाच होतो, मगदूम.”

मी घरात गेलो आणि कपाटातून चौदा डायऱ्या काढून आणल्या. रविवारी गाडी बाहेर काढायची, नदीकडे नाहीतर महिन्यातून एकदा औंधला जाऊन यायचे आणि परतल्यावर मीटरचा आकडा तारखेसह लिहून ठेवायचा, हा नेम मी एकदाही चुकवला नव्हता. आठवड्याचे इतर दिवस मी कोर्टात पायीच जात असे. साडेदहाला निघत असे आणि सहाला परतत असे. डायऱ्या मी बॉनेटशेजारच्या स्टुलावर रचल्या आणि कोणतेही पान काढून पाहावे, असे दोघांना सांगितले. मगदुमांनी भिडेखातर दोन पाने उलटली.

राजारामाने हात पुसले, पण डायरीला लावला नाही. “डायरी खरीच आसंल, साहेब. पर इंजिनाला वाचता येत न्हाई.”

मगदूम हसू दाबण्यासाठी खोकले. माझ्या अंगाचा भडका उडाला; तरीही रागाच्या भरात मुद्दा सोडायचा नाही, ही सवय हाडीमासी खिळलेली होती. मी बोलत गेलो आणि बोलता बोलताच मला रस्ता दिसला.

“थांबा. तुमचे गेज खरे आहे, हे मी मान्य करतो. माझी नोंद खरी आहे, हे तुम्ही मान्य करा. दोन्ही खरी असतील, तर निष्कर्ष एकच उरतो. गाडी पळाली, आणि ती पळत असताना मीटर पळत नव्हते. हे शक्य आहे का?”

राजारामाच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. “शक्य हाय की. मीटरची केबल सोडली, की आकडा जागचा हलत न्हाई.”

तो पुढच्या सीटवर उताणा पडला, डॅशबोर्डाखाली डोके घातले आणि विजेरी पेटवली. बराच वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, “साहेब, वाकून बघा जरा.”

मी वाकलो. डॅशबोर्डामागे सगळीकडे चौदा वर्षांची धूळ तेलकट होऊन चिकटली होती. वायरी, पट्ट्या, स्क्रू, सगळे एकाच राखी रंगाचे झाले होते. त्यात केबलच्या तोंडाशी असलेली गोल दातेरी चकती तेवढी लखलखीत होती. तिच्यावर पकडीचा ओरखडा नव्हता. राजारामाने दोन बोटांनी तिला अर्धा फेरा दिला. केबल अलगद सुटून खाली आली.

“हे एकदोनदा काढल्यालं न्हवं,” तो म्हणाला. “बोटांनी घासून घासून चकाकी आलीया. शेकडो वेळा काढलंय, शेकडो वेळा लावलंय.”

त्याच वेळी माझी पत्नी शरयू लिंबाच्या सरबताचे पेले घेऊन बाहेर आली. तिने ती लोंबणारी केबल पाहिली. ट्रे बॉनेटवर ठेवून ती दारापाशी जाऊन उभी राहिली. मला त्यात काही विशेष वाटले नाही.

पुढचा तर्क तर सरळच होता. घरात गाडी चालवणारा मी एकटा. दुसरी किल्ली फक्त इस्माईल नदाफाकडे. तो गाडीची देखभाल करीत असे आणि ऑइल बदलण्यासाठी गाडी स्वतः घेऊन जात असे. मी दिवसभर कोर्टात. म्हणजे ज्याला मी चौदा वर्षे घरच्यासारखे वागवले, त्याने माझी गाडी माझ्या पाठीमागे भाड्याने फिरवली, आणि त्यापायी आज माझ्याच अंगणात मी लबाड ठरलो.

इस्माईलचे गॅरेज बोळाच्या टोकालाच होते. मी हाक मारली, तसा तो हात पुसत आला. पन्नाशीचा, बुटका, कानावर पेन्सिल खोचलेला माणूस. फाटकातून आत येताना त्याने आधी राजाराम मिस्त्रीला पाहिले, मग खडूचे आकडे, मग केबल.

“इस्माईल, ही केबल कोण काढत होते?”

त्याची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे गेली आणि परत आली.

“मी विचारतो आहे.”

“मीच काढत होतो, साहेब.”

“गाडी तू वापरत होतास?”

“होय, साहेब.”

“किती दिवस?”

“झाली की… सहा वर्षं.”

“कशासाठी?”

“भाडं मारायला. एक पेशंट होता. साताऱ्याला न्यायला लागायचं.”

“कोण पेशंट? नाव सांग.”

“नाव न्हाई सांगत, साहेब. चूक माझी हाय. काय करायचं ते माझं करा.”

मगदूम मध्ये पडले. “वकीलसाहेब, कबूल करतोय तर सोडून द्या की. गरीब माणूस आहे.”

“गरिबी हा बचाव होत नाही,” मी म्हणालो आणि आतून कागद आणि पेन आणून स्टुलावर डायऱ्यांच्या शेजारी लिहायला बसलो. पोलीस ठाण्याचे नाव घातले, अर्जदाराचे घातले. पहिले वाक्य मला अजून आठवते, कारण ते मला चांगले साधल्यासारखे वाटले होते. इस्माईल खाली मान घालून उभा होता. ज्या गावात त्याला प्रत्येकजण आपली गाडी किल्लीसकट सोपवून निर्धास्त जात असे, त्या गावात असा एक कागद ठाण्यावर गेला असता तर त्याच्या गॅरेजचे दार पुन्हा उघडले नसते, हे त्याला कळत होते आणि मलाही कळत होते.

“इस्माईलभाई, पुरे झालं,” शरयू म्हणाली.

“वहिनी, तुम्ही आत जा,” तो वर न पाहता घाईने म्हणाला.

ती आत गेली नाही. पायऱ्या उतरून स्टुलापाशी आली. “अहो, तो कागद बाजूला ठेवा. गाडी त्यांनी नाही नेली. मी नेत होते.”

“तू? आणि चालवायचे कोण?”

“मीच.”

मी हसलो. हे मी लपवत नाही. मी त्या चारजणांसमोर मोठ्याने हसलो. “शरयू, तुला गाडी येत नाही.”

“येते. सहा वर्षं झाली. इस्माईलभाईंनी शिकवली. केबल कशी सोडवायची तेही त्यांनीच दाखवलं, कारण तुम्ही रविवारी आकडा लिहिता हे मी त्यांना सांगितलं होतं. पेट्रोल माझ्या शिवणाच्या पैशांतून भरायचे. काटा जिथं असेल तिथं परत आणून ठेवायचे.”

माझ्या शेजारच्या सीटवर बसून जिने चौदा वर्षे प्रत्येक रविवारी निमूटपणे माझे ऐकले होते, चढावर कोणता गिअर का टाकायचा हे जिला मी शेकडो वेळा समजावून सांगितले होते, तीच ही बाई. माझ्या हातातले पेन कागदावर टेकलेले होते आणि त्याखाली शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. मी ते उचलले नाही.

“जात कुठे होतीस?”

“उंब्रजला. तिथून साताऱ्याला. मंगळवारी आणि शुक्रवारी.”

उंब्रजला कोण राहते, हे मला ठाऊक होते. दहा वर्षांपूर्वी माझी एकुलती एक मुलगी नीरजा हिने उंब्रजच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणाऱ्या एका तरुणाशी लग्न केले होते, आणि त्या दिवसापासून तिचे नाव या घरात निघणार नाही, असे मी जाहीर केले होते. त्या विषयावर माझी बाजू मी एकदाच मांडली होती. पुन्हा मांडण्याची वेळ आली नव्हती, कारण त्यावर कोणी उत्तर दिले नव्हते.

“नीरजा आजारी आहे?”

“नीरजा नाही. रेणू.”

“रेणू कोण?”

“तिची मुलगी. सात वर्षांची आहे.” शरयूचा आवाज चढलेला नव्हता. भाजी काय आणली हे सांगावे, तसे ती सांगत होती. “वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. साताऱ्याच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा पायांचे व्यायाम करून घेतात. लोखंडी पट्ट्या बांधलेलं पोर एसटीच्या गर्दीत कसं चढवायचं? चार महिने चढवलं नीरजानं. एकदा पडल्या दोघी. मग मी गाडी शिकले.”

मला नात होती. सात वर्षे ती माझ्यापासून दहा मैलांवर राहत होती. अंगणातल्या पाच माणसांपैकी तिघांना हे आज कळत होते; त्यांतले दोघे परगावचे होते आणि तिसरा मी होतो.

“तू मला सांगायला हवे होतेस,” मी म्हणालो.

“तुम्ही म्हणाला होतात, तिचं नाव या घरात काढायचं नाही. मी काढलं नाही.”

“हा प्रसंग वेगळा होता. तू विचारले असतेस, तर…”

“तर तुम्ही मुद्दे मांडले असते. मला तेवढा वेळ नव्हता.”

मगदूम हळूच दोन पावले मागे सरकले. राजारामाने जमिनीवरचे फडके उचलून उगाच घडी घालायला घेतले.

“गाडी विकायचं काढलंत, तेव्हा मी म्हटलं होतं, इतक्यात नको,” ती म्हणाली. “तुम्ही पाच कारणं सांगितलीत.”

“तू एकही सांगितले नाहीस.”

“माझ्याकडे एकच होतं. ते तुमच्या पाचांमध्ये उभं करायचं नव्हतं मला.” मग ती माझ्याकडे पाठ करून मिस्त्रीकडे वळली. “भाऊ, प्लग परत बसवून द्याल का? सुट्टी लागल्यापासून हे घरी आहेत, तीन आठवडे मला निघता आलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, व्यायाम तुटला की पाय पुन्हा आखडत जातो. आज शुक्रवार आहे. साडेबाराच्या आत पोचलं पाहिजे.”

राजारामाने मगदुमांकडे पाहिले.

“बसव की, बघतोयस काय!” मगदूम म्हणाले. “काकू, आमचं काही म्हणणं नाही. आम्ही गाडी बघितलीच नाही असं समजा.”

चार प्लग बसायला दहा मिनिटे लागली. त्या दहा मिनिटांत शरयूने आत जाऊन लुगडे बदलले, पायांत चपला घातल्या आणि केसांना रुमाल बांधून आली. मी तिला कधी रुमाल बांधलेली पाहिली नव्हती. इस्माईलने केबल जोडायला हात घातला, तेव्हा ती म्हणाली, “नीट आवळा. आता काढायची नाही.” मग ती स्टिअरिंगच्या चाकामागे बसली, सीट पुढे ओढली आणि आरसा आपल्या उंचीला लावला.

“बाई, चढाला दमली तर लगेच गिअर उतरवा,” राजाराम खिडकीत वाकून म्हणाला. “आन् दिवाळीपर्यंत रिंगा टाकून घ्या.”

“उतरवते. धूर मारते म्हणून ट्रकवाल्यांना आधीच पुढं जाऊ देते मी.”

“शाब्बास!” तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे पाहून खिडकीपासून मागे सरकला.

गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली. माझ्या फाटकातून गाडी मागे काढायची तर मला चार वेळा पुढेमागे करावे लागे. शरयूने मान वळवली, एकदाच चाक फिरवले, आणि गाडी सरळ बोळात जाऊन उभी राहिली. मी तिच्यामागून फाटकापर्यंत चालत गेलो. का गेलो, ते मला सांगता येणार नाही. पाय चालत होते.

बोळात, हॉर्न वाजण्याआधीच, इस्त्रीवाल्या बाळू परटाने आपला गाडा भिंतीला लावला होता. आमच्याच कोर्टातला बेलीफ सदाशिव, ज्याच्याशी मी रोज दहा-बारा वाक्ये बोलत असे, आपल्या दारात वर्तमानपत्र वाचत बसला होता. वर न पाहता त्याने हात लांब करून रस्त्यात उभी असलेली सायकल आत ओढून घेतली. ते त्याच्या हाताला सवयीचे झालेले होते. समोरच्या घरातल्या गोदूताई पितळी डबा घेऊन पायरीवर आल्या आणि खिडकीपाशी येत म्हणाल्या, “अगं, तीन आठवडे कुठं होतीस? रेणूला सांग, या खेपेला लाडू जरा…”

तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

त्यांचा हात डब्यासकट हवेत राहिला. सदाशिवाने वर्तमानपत्रातून डोके वर केले आणि उठून उभा राहिला. बाळूने इस्त्री गाड्यावर आडवी ठेवली. वरच्या माडीवर कोणीतरी खिडकीशी आले. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांतल्या एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. होती ती फक्त भीती. माझ्या तोंडून आता काय निघेल, याची.

मी गोदूताईंच्या हातातून डबा घेतला. तो गरम होता. खिडकीतून मी तो शरयूपुढे धरला.

तिने चाकावरचे हात काढले नाहीत. “मागे ठेवा,” ती म्हणाली. “आडवा ठेवू नका, तूप सांडेल.”

मी मागचे दार उघडून डबा सीटवर उभा ठेवला आणि दार लावले. गाडी निघाली. ती वळणावरून दिसेनाशी झाली, तिचा निळसर धूर विरला, तरी बोळातले कोणीही जागचे हलले नव्हते.